दोन पिळांचा दोर

नागिनोत्सु हे जपानच्या समुद्रकाठचे जुने शहर. ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर उतरले की समोरच टेकडी दिसते आणि टेकडीला एकशे अठरा पायऱ्या आहेत. त्या चढून आलेला माणूस श्वास घ्यायला थांबतो आणि थांबला की त्याची नजर आपोआप वर जाते, कारण डोक्यावरच देवळाची दगडी कमान आहे. या कमानीला तिकडे तोरी म्हणतात. तिच्या दोन खांबांच्या मध्ये भाताच्या पेंढ्याचा दोर बांधलेला असतो, चांगला मांडीएवढा जाड. असे दोर जपानभर देवळांवर दिसतात. इथून पुढे देवाची जागा आहे, जरा सांभाळून या, एवढेच त्यांना सांगायचे असते.

पण नागिनोत्सुचा दोर जरा निरखून पाहिला तर डोळ्यांना खटकतो. एका खांबाकडून निघालेला त्याचा पीळ डावा, दुसऱ्या खांबाकडून निघालेला उजवा, आणि मधोमध लाल भोपळ्याएवढी एक बेढब गाठ. शहरोशहरीची देवळे पाहून आलेले पाहुणे एकमेकांना कोपर मारतात आणि मग कोणीतरी धीर करून कमानीखाली झाडू मारणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना विचारतो, की हा दोर चुकलाय का हो?

त्या गृहस्थांचे नाव तेराउची-सान; सान म्हणजे आपल्याकडचे राव. अडतीस वर्षे त्यांनी याच शहरात ट्राम चालवली आणि निवृत्त झाल्यापासून ते देवळाचे अंगण झाडतात. हा प्रश्न कोणी विचारला की त्यांना मनापासून आनंद होतो. "चुकलाच आहे," असे ते ठासून सांगतात, झाडू खांबाला टेकवतात आणि पायरीवर बसतात. पाहुण्यांनाही बसावेच लागते. गोष्ट तीनशे वर्षांपूर्वीची आहे म्हणे. तेराउची-सान कधी तीनशे म्हणतात, कधी चारशे, समोरच्याचे तोंड बघून.

तेव्हा या गावाचे दोन भाग होते. टेकडीवर पुजारी, सुतार, लाखकाम करणारे असे देवळाच्या सावलीतले लोक राहायचे, आणि नदीपलीकडे बंदरावर कोळी आणि जहाजांचे दोर वळणारे. मध्ये एक लाकडी पूल होता. पुलावरून मासे यायचे, भाजी जायची, पण सोयरीक सहसा होत नसे.

टेकडीवरची देवी नागिहिमे. ती मुळात समुद्रातली, एका फळीवर तरंगत किनाऱ्याला लागली, असे सांगतात. म्हणजे डोंगर हे तिचे सासर आणि समुद्र माहेर. आपल्याकडे गौरी माहेरी येतात, तशी ही वर्षातून एकदा, शरद ऋतूत भातकापणी झाली की पालखीत बसून माहेरी जायची. एकच दिवस. सकाळी जायचे, लाटांचे पाणी पायाला लावायचे आणि दिवेलागणीला परत. देवळात वर्षभर काही ना काही चालूच असे. नववर्षाला घंटा वाजे, वसंतात रोपे लावताना गाणी होत, उन्हाळ्याच्या तोंडाशी गवताच्या मोठ्या कड्यातून सगळे गाव आत-बाहेर करून अर्ध्या वर्षाचे किल्मिष झाडून टाकी. पण सगळ्यांचा जीव अडकलेला असे तो शरदातल्या पालखीत. म्हातारी माणसे आजारी पडली तरी पालखी बघितल्याशिवाय मरायची नाहीत म्हणे.

पालखी निघायची तर कमानीवर नवा दोर हवा. नव्या दोराखालून गेल्याशिवाय देवी उंबरा ओलांडत नसे. आणि तो दोर वळायचा मान एकाच घराचा होता, जिनपाचीच्या.

या दोराचे नियम कडक होते. पेंढा त्याच वर्षीच्या नव्या भाताचा, तोही देवीच्या एका शेतातला, म्हणजे जेमतेम एका दोरापुरता. सूर्य उगवल्यावर सुरुवात आणि मावळण्याआधी शेवट. दोघांनी दोन टोकांना बसायचे आणि वळत वळत मध्यावर एकमेकांना भेटायचे. दोघेही त्याच घरात जन्मलेले हवेत. सगळ्यात मोठा नियम म्हणजे बसताना तोंडात साकाकी या पवित्र झाडाचे एक पान धरायचे, आणि दोर पुरा होईपर्यंत ते काढायचे नाही. माणसाचा श्वास आणि माणसाचे शब्द पेंढ्याला लागू नयेत, म्हणून. एक शब्द जरी तोंडातून गेला तरी पेंढा विटाळला. मग त्या वर्षी दोर नाही, पालखीही नाही.

पीळ अर्थातच डावा. जहाजांचे, विहिरींचे, बैलांचे दोर उजव्या पिळाचे असतात, ते माणसांच्या कामाचे. देवाच्या दोराला डावा पीळ, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते.

जिनपाचीची कारागिरी अशी की त्याच्या दोरातून पेंढ्याची एक काडी बाहेर डोकवायची नाही. स्वभावही तसाच, आवळलेला. बोलायचा कमी आणि एकदा बोललेले मागे घ्यायचा नाही. बायको लवकर गेली. तेव्हापासून दोराच्या दुसऱ्या टोकाला त्याची मुलगी ओसेन बसायची. बारा वर्षांची असल्यापासून बसायची. तिचे हात बापापेक्षा जलद आणि बापापेक्षा हलके होते, हे सगळ्या टेकडीला दिसत होते. जिनपाचीलाही दिसत होते, पण त्याने ते कधी बोलून दाखवले नाही.

ओसेन एकोणीस वर्षांची झाली आणि तिने बंदरावरच्या क्यूझोशी लग्न ठरवले. क्यूझो जहाजांचे दोर वळायचा. मुलगा कष्टाळू होता, हसतमुख होता, तिच्यावर जीव टाकत होता. पण जिनपाचीला त्यातले काहीच दिसले नाही. गल्लीतल्या सगळ्यांसमोर तो म्हणाला, "लोकांच्या पायाखाली लोळणारे दोर वळणारे ते हात. त्या हातांचा वारासुद्धा माझ्या पेंढ्याला नको."

ओसेन त्याचीच मुलगी. "मग माझाही नको," ती म्हणाली आणि पूल ओलांडून गेली.

अकरा वर्षे झाली. अकरा वर्षांत बापलेकीत एक शब्द झाला नाही. बाजारात ती समोरून आली तर जिनपाची मुळ्याच्या जुड्या निरखत उभा राहायचा. उन्हाळ्यात गवताच्या कड्यातून जाताना तर फार पंचाईत व्हायची. त्या कड्यातून एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून आणि पुन्हा डावीकडून फिरायचे असते, त्यामुळे गर्दीत कोणी ना कोणी समोरासमोर येतेच. दरवर्षी ही दोघे नेमकी यायची. जिनपाची तेव्हा पाऊस येतो की काय ते बघत असे, आभाळात ढगाचा ठिपका नसला तरी. ओसेनला दोन मुली झाल्या. आजोबांनी त्यांना कधी जवळ घेतले नव्हते. पण थोरलीचा पुढचा दात कधी पडला आणि धाकटी कधी चालायला लागली, हे त्याला बरोबर ठाऊक होते.

या अकरा वर्षांत दोराच्या दुसऱ्या टोकाला जिनपाचीचा धाकटा भाऊ गेनशिची बसत असे. त्याची कारागिरी यथातथाच होती, पण घरात जन्मला होता आणि दिवसभर गप्प बसू शकत होता, तेवढे पुरे होते. त्या वर्षीच्या हिवाळ्यात गेनशिची खोकल्याने गेला.

वसंत गेला, उन्हाळा गेला, भात पिवळे पडायला लागले. जिनपाची दोराचे नावच काढीना. शेवटी पुजारीच त्याच्या घरी आले. हे पुजारी वयाने लहान, पण डोक्याने शांत. इकडचे तिकडचे झाल्यावर त्यांनी विचारले, यंदा दुसऱ्या टोकाला कोण बसणार?

"मी एकटाच करीन," जिनपाची म्हणाला.

पुजाऱ्यांनी त्याच्या हातांकडे पाहिले. सत्तर वर्षांचे हात. बोटांची पेरे सुजलेली, आल्याच्या गाठींसारखी. चहाचा पेलाही तो दोन्ही हातांनी उचलत होता. पुजारी एवढेच म्हणाले, की या घरात जन्मलेले आणखी दोन हात गावात आहेत.

"ते आता क्यूझोच्या घरचे."

"देवी माहेरी जायला निघते तेव्हा ती कुठली असते, जिनपाची-सान? डोंगराची की समुद्राची?"

पुजारी चहा संपवून निघून गेले.

त्यानंतर म्हाताऱ्याने गुपचूप एकट्याने एक छोटा दोर वळून पाहिला. निम्म्यावर बोटे आखडली, पीळ सुटला आणि पेंढा मांडीवर विसकटला. त्याला पहिल्यांदा भीती वाटली. पालखी निघाली नाही तर सगळे गाव हळहळेल, पण ते एक वेळ सोसता आले असते. देवीला वर्षातून एकदाच माहेर मिळते आणि ते आपल्यापायी बुडणार, हा विचार त्याला झोपू देईना. आणि मग आपल्यापायी माहेर बुडालेली ती एकटीच नाही, हाही विचार मागोमाग यायचाच.

तो ओसेनकडे जायला निघाला. तीनदा निघाला. तिन्ही वेळा पुलाच्या मध्यापर्यंत गेला, कठड्याला धरून उभा राहिला आणि परत फिरला. आता पुलावर उगीच उभे राहिले तर लोक काय म्हणतील, म्हणून तिथे टोपली घेऊन बसणाऱ्या ओशिमा नावाच्या कोळणीकडून त्याने तिन्ही वेळा वाटाभर सुके मासे घेतले. मासे तो खात नसे. त्याच्या घराला वास सुटला आणि शेजारच्या मांजरांनी त्याच्या दारात मुक्काम ठोकला.

ओशिमाला लोकांची फार चौकशी. तिसऱ्या वाट्यानंतर ती टोपली उचलून थेट ओसेनच्या दारात गेली. तुझे वडील पुलापर्यंत येतात, नदीकडे बघतात आणि मासे घेऊन परत जातात, असे तिने सांगितले. ओसेन जहाजाचा दोर वळत होती. तिचे हात थांबले नाहीत. ती एवढेच म्हणाली, की बाबांना माशाच्या नुसत्या वासानेही मळमळते.

दोर वळायचा दिवस उजाडला. देवळाच्या अंगणात चटया अंथरल्या, पेंढा आणून लांबच लांब रचला. सहा माणसे आडवी झोपतील एवढी ती रास, आणि मध्ये उंच. कुंपणाबाहेर निम्मे गाव जमले होते, पण चकार शब्द नव्हता. जिनपाचीने हात धुतले, चूळ भरली, तोंडात पान धरले आणि आपल्या टोकाला बसला. समोरचे टोक रिकामे होते. त्याने पहिली जुडी उचलली.

तेवढ्यात कुंपणाशी हालचाल झाली आणि लोक बाजूला सरले. ओसेन आत आली. कोणाकडे न बघता ती दगडी कुंडाशी गेली, हात धुतले, चूळ भरली. पुजाऱ्यांनी पुढे केलेल्या तबकातले पान उचलून तोंडात धरले आणि रिकाम्या टोकाला जाऊन बसली.

नको म्हणायचे तर तोंड उघडायला हवे होते. तोंड उघडले की पान पडणार, शब्द निघणार, पेंढा विटाळणार. अकरा वर्षे जो नकार तो धरून बसला होता तो आता बोलायची सोयच उरली नव्हती. आणि खरे सांगायचे तर, त्याला हायसे वाटले. इतके हायसे वाटले की डोळे भरून आले, आणि ते कोणाला दिसू नयेत म्हणून तो पेंढ्यावर आणखी खाली वाकला.

काम सुरू झाले. मधल्या राशीमुळे त्याला ओसेनचे हात दिसत नव्हते, पण आवाज ऐकू येत होता. पेंढा भिजवायचा, आपटायचा, पेड ओढायचे, पीळ भरायचा. ती लय त्याने अकरा वर्षे ऐकली नव्हती. गेनशिचीच्या हातात ती कधी नव्हतीच. म्हाताऱ्याची बोटे त्या लयीच्या मागून चालू लागली आणि दुखायची थांबली नाहीत, पण ऐकू लागली. कुंपणाबाहेरचे लोक सांगतात, की त्या सकाळी जिनपाची चक्क मान डोलावत होता.

दुपार कलली. मधली रास उतरत गेली आणि जिनपाचीला पलीकडचा दोर पहिल्यांदा नीट दिसला. त्याच्या हातातली जुडी खाली पडली.

ओसेनचा पीळ उजवा होता.

पहिल्या वितीपासून उजवा. तिला ते कळलेलेच नव्हते. अकरा वर्षे तिने रोज, सणवार न बघता जहाजांचे दोर वळले होते; आज मन दुसरीकडे होते, बापाच्या सुजलेल्या बोटांकडे, आणि हात आपले रोजच्या वाटेने निघाले होते. दुसऱ्या कुठल्या गावात कोणी तरी "अगं बाई" म्हणून सकाळीच सांगितले असते. इथे सगळ्यांच्या तोंडाला कुलूप होते. कुंपणाबाहेरच्या लोकांना पीळ समजण्याएवढे जवळून दिसत नव्हते, पुजाऱ्यांना दिसत होते पण अंगणात असेपर्यंत त्यांच्याही तोंडात पान होते.

जिनपाचीने घसा खाकरला. ओसेनने वर पाहिले. त्याने हाताने खूण केली, डावीकडे. ती क्षणभर गोंधळली आणि बसल्या जागेवरून डावीकडे सरकली. त्याने पुन्हा खूण केली, जरा जोरात. तिने पाण्याची घागर उचलून डावीकडे ठेवली. त्याने दोन्ही हात हवेत फिरवले. तिने चटई डावीकडे ओढली. बाहेरच्या लोकांना आता हसू आवरेना. बायकांनी तोंडात पदर कोंबावा तशा किमोनोच्या बाह्या कोंबल्या म्हणे. शेवटी म्हाताऱ्याने आपला दोर तिला दिसेल असा उचलून धरला आणि बोटाने पीळ दाखवला.

ओसेनने त्याचा दोर पाहिला, मग आपला पाहिला. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

उलगडून पुन्हा वळायला दिवस उरला नव्हता. दुसरा पेंढा नव्हता. तिला अकरा वर्षांपूर्वीचे ते वाक्य आठवले असणार, कारण ती आपल्या तळहातांकडे बघत राहिली आणि मग ते तिने पाठीमागे लपवले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, पान मात्र तिने दातांत घट्ट धरले होते. ती उठायला लागली.

जिनपाचीच्या मनात त्या वेळी काय आले ते त्याने पुढे कधी कोणाला सांगितले नाही. लोक आपापल्या परीने सांगतात. ही आता उठून गेली की पुन्हा यायची नाही, हे मात्र त्याला नक्की कळले होते. दोर वळताना मध्येच कोणी जागा सोडत नसे. जिनपाचीने सोडली. गुडघ्यावर हात टेकत तो उठला, सहा माणसांचे ते अंतर चालून गेला आणि मुलीच्या समोर मांडी घालून बसला.

त्याने तिचा दोर हातात घेतला. उजव्या पिळाच्या दोराला आयुष्यात त्याने बोट लावले नव्हते. त्याने त्यावरून तळहात फिरवला, डोळे मिटून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. एक काडी बाहेर नव्हती. पीळ असा एकसारखा की त्याच्या ऐन उमेदीतही त्याला तो जमला नसता. त्याने दोर ताणून पाहिला, पायाने दाबून पाहिला. मग त्याने तिचे लपवलेले हात पुढे ओढले, तिच्यापुढची एक जुडी त्यांत ठेवली आणि तिची मनगटे धरून स्वतः एक पीळ भरला.

उजवा पीळ.

मग तो उठला, आपल्या टोकाला येऊन बसला आणि डावा पीळ भरू लागला.

सूर्य समुद्राला टेकला तेव्हा दोघे मध्यावर भेटली. आता खरी कसोटी होती. डावा पीळ आणि उजवा पीळ समोरासमोर आले की दोर राहत नाही. दोन्हीकडून उसळतो आणि मधूनच उलगडायला लागतो. जिनपाचीने बांधायला पाहिले, सुटले. ओसेनने पाहिले, सुटले. मग तिने बापाचे दोन्ही हात धरून त्या जागी दाबून ठेवले आणि वरून गाठ मारली. वादळात दोन जहाजे एकमेकांना बांधतात तेव्हा बंदरावरचे लोक मारतात ती गाठ. टेकडीवर ती कोणाला येत नव्हती. म्हाताऱ्याची बोटे आत अडकली, ती तिने एकेक करून हळूच सोडवून घेतली. गाठ भोपळ्याएवढी झाली, पण दोर जागचा हलला नाही.

सूर्य बुडाला. पुजाऱ्यांनी मान हलवली. दोर पुरा झाला होता.

जिनपाचीने तोंडातले पान काढले. कुंपणाबाहेर सगळे गाव कान टवकारून उभे होते. अकरा वर्षांनंतर हा माणूस मुलीशी काय बोलणार? कोणाला वाटले रागावेल, कोणाला वाटले माफी मागेल. त्याने आपले दोन्ही हात तिच्यापुढे धरले आणि लहान मुलाने आईला सांगावे तसे सांगितले,

"हात दुखतात गं."

जिनपाचीला काही दुखते, हे त्याच्या तोंडून कोणी कधी ऐकले नव्हते. बायको गेली तेव्हासुद्धा नाही. ओसेनने पान काढले. "दाखवा," ती म्हणाली आणि त्याचे हात मांडीवर घेऊन एकेक बोट चोळायला बसली. चांगला अंधार पडेपर्यंत ती दोघे तिथेच होती. त्यांनी आणखी काय काय बोलून घेतले ते कोणाला कळले नाही, कारण पुजाऱ्यांनी हाकलून सगळ्यांना घरी पाठवले.

दुसऱ्या दिवशी कमानीवर दोर चढला आणि टेकडीवरच्या जाणत्या मंडळींनी कपाळाला हात लावला. निम्मा दोर उलटा, वर बंदरावरची गाठ. ही देवीची थट्टा झाली, असे त्यांचे म्हणणे. पुजाऱ्यांनी शांतपणे सगळे नियम मोजून दाखवले. नव्या भाताचा पेंढा आहे. एका दिवसात वळला आहे. हात याच घरात जन्मलेले आहेत. एकही शब्द निघालेला नाही. पिळाची बाजू नियमात कुठे आहे ते दाखवा. ती कुठेच नव्हती, कारण ते सांगायची आजवर गरजच पडली नव्हती. तरी कुरकुर थांबेना. तेव्हा पुजारी म्हणाले, की ज्यांना माहेरी जायचे आहे त्यांनाच विचारू.

पालखी उठली. देवी नाराज असली की पालखी शिशासारखी जड होते आणि वीस खांद्यांना उचलत नाही, अशी समजूत होती. अंगणातून ती नीट आली. आणि बरोबर त्या गाठीखाली येऊन थांबली.

जिनपाची खांबाशी उभा होता. त्याच्या एका हाताला ओसेन होती, पलीकडे क्यूझो आणि मुली. पालखी पुढे जाईना, मागे जाईना. जाणती मंडळी एकमेकांकडे अर्थपूर्ण बघू लागली.

मग पालखी खाली वाकली आणि वर उसळली. पुन्हा वाकली, पुन्हा उसळली. तिसऱ्या वेळी तर एवढी उंच उसळली की तिच्या कळसावरचा पितळी पक्षी गाठीला जाऊन टेकला. आणि त्यानंतर ती जी सुटली ती पायऱ्या उतरून, पुलावरून, थेट बंदराच्या गल्ल्यांतून समुद्रापर्यंत धावत गेली. खांदेकरी शपथेवर सांगत होते, की आम्ही नाही हलवली, आमचे पाय जमिनीला लागतच नव्हते. इथे तेराउची-सान जरा थांबतात आणि म्हणतात, की त्या वीस खांदेकऱ्यांत क्यूझोचे मित्र किती होते ते विचारायचे नाही. देवीच्या कामात असल्या चौकशा बऱ्या नव्हेत.

त्या दिवशी पालखी दिवेलागणीला परत आली नाही. देवी माहेरी तीन दिवस राहिली. जिनपाचीही राहिला, ओसेनच्या घरी.

आजही नागिनोत्सुमध्ये शरदातली यात्रा तीन दिवसांची असते. दोर आजही तसाच वळतात, निम्मा डावा, निम्मा उजवा, मध्ये गाठ. जिनपाचीचे घराणे पुढे खुंटले. तेव्हापासून दोन टोकांना एकमेकांशी न बोलणारी दोन माणसे बसवायची पद्धत पडली. शहर आता मोठे झाले आहे, अशा माणसांचा तुटवडा नाही. उन्हाळ्यातच देवळात नावे येतात. समोरासमोर नूडल्सची दुकाने टाकलेले दोन चुलतभाऊ, गाडी कुठे लावायची यावरून भांडलेले शेजारी, एकदा तर एक सासू आणि तिचा जावई. पहाटे दोघांच्या तोंडात पान देतात आणि संध्याकाळपर्यंत त्यांची सुटका नसते. गाठ चार हातांशिवाय बसत नाही, त्यामुळे एकमेकांच्या हाताला हात लागतोच. मग पान काढून दोघांनी एकच वाक्य बोलायचे असते. ते सगळ्या शहराला पाठ आहे. तरी ते ऐकायला अंगणात पाय ठेवायला जागा नसते.

पाहुण्यांपैकी कोणी तरी विचारतेच, की आणि समजा नाही बोलले तर?

तसेही होते, तेराउची-सान सांगतात. दोन सख्खे भाऊ होते. वडिलांच्या होडीवरून बिनसले होते, होडी केव्हाच कुजून गेली तरी. त्यांनी दोर वळला, गाठ मारली आणि तोंडात पान तसेच ठेवून दोघे दोन वाटांनी घरी गेले. देवळाने दुसऱ्या वर्षी पुन्हा त्यांनाच बसवले. तिसऱ्या वर्षी पुन्हा. लोक कंटाळले, पण पुजारी काही ऐकेनात. चौथ्या वर्षी गाठ मारून झाली, दोघांनी एकदमच पान काढले आणि एकदमच म्हणाले, हात दुखतात.

एवढे सांगून तेराउची-सान उठतात, झाडू हातात घेतात. "आणि ते खरंच दुखत होते हो," ते म्हणतात. "माझी सत्तरी उलटली होती, आणि दादा तर माझ्याहून चार वर्षांनी मोठा."